गुबगुबीत ससा आणि आपली जीवदया



आपल्याकडे लेकराची तब्येत बाळशावरून ठरते. गाल वर आले की आजी खूश, आणि जरा हाडं दिसली की "काही खाऊ घालतेस की नाही ग याला?" हे ठरलेलं. मुलांच्या हट्टापायी घरात ससा आला की तीच मोजपट्टी त्यालाही लागते. "किती गुबगुबीत झालाय!" असं पाहुण्यांनी म्हटलं की आपल्याला धन्य वाटतं.

माझं मत थोडं वेगळं आहे. सशाचा गुबगुबीतपणा ही कौतुकाची गोष्ट नाही. लाडानं चढवलेली चरबी हासुद्धा त्या जिवाला दिलेला त्रासच आहे.

आता ससा जाड आहे की बारीक, हे ओळखायचं कसं? बऱ्याच जणी मोबाइलवर "सशाचं वजन किती असावं" असं शोधतात. त्या आकड्यांचा आपल्याला फारसा उपयोग नाही. नेदरलँड ड्वार्फ जातीचा ससा जेमतेम किलोभराचा असतो, न्यूझीलंड व्हाइट चार-पाच किलोचा, तर फ्लेमिश जायंट सहा किलोच्याही वर जातो. आपण बाजारातून आणलेला ससा बहुतेक वेळा मिश्र जातीचा असतो. मग त्याला कोणता आकडा लावायचा?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ससेपालनाच्या पुस्तकांत वजनाचे जे तक्ते असतात, ते बहुतेक मांसासाठी पाळलेल्या सशांचे असतात. राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे. तिथे सोव्हिएत चिंचिला, न्यूझीलंड व्हाइट अशा जातींवर मांसोत्पादनासाठीच काम झालं. तिथला प्रश्न असतो, किती आठवड्यांत किती किलो भरला? आपल्या घरातला प्रश्न अगदी उलटा आहे. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो. ती वर्षं तो सुखानं उड्या मारत जगेल का, एवढंच आपण बघायचं. खाटकाच्या हिशोबानं आपण आपला ससा का तोलावा?

खरी परीक्षा हातानं होते. ससा जमिनीवर शांत बसलेला असताना पुढच्या पायांच्या मागे, बरगड्यांवरून हलकेच बोटं फिरवा. मग पाठीच्या कण्यावरून आणि माकडहाडाजवळून. आता स्वतःचा हात बघा. मूठ आवळल्यावर बोटांच्या सांध्यांची टोकं जशी टोचतात तशी हाडं लागली, तर ससा बारीक आहे. पंजा सरळ धरून त्याच्या पाठच्या बाजूवरून बोट फिरवलं तर हाडं लागतात पण टोचत नाहीत, तसं लागलं तर छान. आणि तळहाताच्या गादीसारखं नुसतं मऊ लागलं, दाबल्याशिवाय बरगडी सापडेना, तर ससा जाड झालाय. डोळ्यांवर विसंबू नका, थंडीत दाट झालेली लव फसवते. मादीच्या हनुवटीखाली कातडीची वळकटी असते, तीही थोडीफार असणं स्वाभाविक आहे.

काटा नको असं मी म्हणत नाही. टोपलीत बसवून पंधरा दिवसांतून एकदा वजन करा आणि दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. दुसऱ्या कुणाच्या सशाशी तुलना नको, त्याच्याच मागच्या आकड्याशी करा. दोन किलोच्या सशाचं 200 ग्रॅम वजन अचानक घटलं, तर ते पन्नास किलोच्या बाईचं पाच किलो घटण्यासारखं आहे. अशा वेळी वाट बघू नये. आपल्या परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे किंवा जवळच्या पशुवैद्यांना दाखवावं.

जाडीचा त्रास दिसायला वेळ लागतो, पण होतो फार. ससा आपली मऊ लेंडी मागे वाकून थेट तोंडानं घेतो. किळस करू नका, त्यातूनच त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. जाड सशाला तिथपर्यंत वाकता येत नाही, अंगही चाटून साफ करता येत नाही. मागची बाजू घाण राहते, आणि पावसाळ्यात माश्या बसून तिथे अळ्या पडतात. शरीराच्या भारानं तळपाय सोलवटतात. सशाला घाम येत नाही. परभणीच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की चरबीची गोधडी पांघरलेल्या त्या जिवाचं काय होत असेल, विचार करा.

आणि ही चरबी येते कुठून? पोळीचा तुकडा, बिस्कीट, केळं, साखरफुटाणे. शिवाय गाजर! मला गंमत वाटते, आपण कंदमुळं वर्ज्य म्हणून गाजर घरात येऊ देत नाही, पण सशासाठी चित्रातलं बघून पिशवीभर आणतो. त्यात साखर असते, रोजच्या पोटभरीचं ते खाणं नव्हे. त्याचं खरं अन्न गवत. वाळलेलं गवत दिवसरात्र समोर हवं, सोबत हराळीसारखं हिरवं गवत आणि थोडी कोथिंबीर. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. बाजारातल्या गोळ्या द्यायच्याच तर किलोमागे दिवसाला 25 ग्रॅमच्या वर नको. लसूणघास वाढत्या पिलाला ठीक, मोठ्याला रोज नको. आणि दिवसभर पिंजऱ्यात कोंडलेला ससा कमी खाऊनही जाड होतो. त्याला रोज काही तास मोकळं पळू द्या.

आता दुसरं टोक. "जाड झालाय ना, मग पर्युषणात आमच्याबरोबर त्यालाही उपवास," असं कुणी चुकूनही करू नये. सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं. दहा-बारा तास खाणं थांबलं तर आतडी मंदावतात आणि जीव जाऊ शकतो. जाड सशाला तर उपाशी ठेवणं अधिकच घातक, त्याच्या यकृतावर चरबी चढते. चौविहाराचंही तसंच. सूर्यास्तानंतर आपण ताट आवरतो, पण ससा पहाटे आणि संध्याकाळीच जास्त खातो. रात्री त्याच्यापुढचं गवत आणि पाणी उचलू नका. तप स्वतःच्या इच्छेनं होतं, मुक्या जिवावर लादलं की ती नुसती उपासमार. खाऊ आणि गोळ्या हळूहळू कमी करा, गवत कधीच नाही.

अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत शिकलो आहोत: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. मला वाटतं, सशाचं वजन या पाचांतल्या तिघांशी जोडलेलं आहे. लहान पिंजरा हा बंध. उपाशी ठेवणं हा अन्नपाननिरोध. आणि अतिभार फक्त बैलाच्या पाठीवर लादला जातो असं थोडंच आहे? नको तेवढं खाऊ घालून त्याच्याच अंगावर चढवलेला भार हाही भारच.

ज्ञाताधर्मकथेतला मेघकुमाराच्या पूर्वजन्मीचा हत्ती आपल्या सगळ्यांना माहीत आहे. वणव्यात त्याच्या उचललेल्या पायाखाली ससा येऊन बसला, आणि अडीच दिवस त्यानं तो पाय खाली टेकवला नाही. आपला भार सशावर पडू नये, एवढीच त्याची दया होती. आपल्याला तर काहीच सोसायचं नाही. बिस्किटाचा पुडा वरच्या फळीवर ठेवायचा आणि आठवड्यातून एकदा त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवायचा, बस्स.