बांडगूळ समजून आमरी तोडू नका

आंबा उतरला की बांडगुळे काढायचे काम निघते. गडी कोयता घेऊन झाडावर चढतो आणि फांदीवर परके दिसेल ते सारे खाली टाकतो. संध्याकाळी त्या ढिगात पाहावे, तर जाड, लांबट पानांची आणि पांढऱ्या दोरीसारख्या मुळ्यांची एक वनस्पती पुष्कळदा सापडते. ती बांडगूळ नव्हे. ती आमरी, म्हणजे रानातले ऑर्किड. बिचारी विनाकारण मारली जाते.

दोन्ही फांदीवरच वाढतात, पण रीत वेगळी. बांडगुळाचे मूळ साल फोडून आत शिरते आणि झाडाचे पाणी व क्षार ओढते. म्हणून ते नुसते ओरबाडून भागत नाही. चिकटलेल्या जागेच्या खालून फांदी कापावी लागते. आमरीची मुळे सालीला वरूनच बिलगतात. पाऊस, दव आणि सालीवर साचलेला पालाकचरा यांवर ती जगते. झाडाकडे ती फक्त बसायला जागा मागते.

या दोघांची शास्त्रीय नावे मोठी बोलकी आहेत. आंब्यावरचे बांडगूळ म्हणजे डेन्ड्रोफ्थोई फाल्काटा. ग्रीक भाषेत डेन्ड्रॉन म्हणजे झाड आणि फ्थोई म्हणजे क्षय. आपल्याकडची एक आमरी आहे व्हँडा टेसेलाटा. टेसेलाटा म्हणजे चौकडीची. तिच्या पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी चौकडी असते. आणि व्हँडा? तो आपलाच संस्कृत शब्द, वंदा. रॉबर्ट ब्राउन यांनी १८२० मध्ये तो या प्रजातीला दिला. पण वंदा म्हणजे काय, तर बांडगूळ! तेव्हा एकट्या गड्याला दोष कशाला द्यावा?

अशी अवघड नावे हवीत कशाला, असे कोणी विचारील. रास्नेचेच पाहा. बंगालात या आमरीच्या मुळ्यांना रास्ना म्हणतात, उत्तर भारतात प्लुशिया लान्सिओलाटा या झुडपाला, तर केरळात आल्याच्या कुळातील अल्पिनिया गॅलांगाला. नाव एक आणि वनस्पती तीन! औषधात असा घोटाळा चालेल काय? स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी १७५३ च्या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव दिले, तीच पद्धत आज जगभर चालते. पहिला शब्द प्रजातीचा, आडनावासारखा; दुसरा जातीचा. आपल्या आमरीला रॉक्सबर्ग यांनी १७९५ मध्ये एपिडेन्ड्रम टेसेलाटम म्हटले होते. पुढे अभ्यासकांनी तिला व्हँडात घातले. आडनाव बदलले, पाळण्यातले नाव टिकले.

आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते आणि फूल यायला वर्षे जातात. तेव्हा कोयता चालवण्यापूर्वी मूळ पाहा. सालीत घुसलेले असेल तर खुशाल कापा. वरूनच बिलगलेले असेल तर राहू द्या. आमरी असलेली फांदी तोडावीच लागली, तर रोप अलगद सोडवून दुसऱ्या झाडाच्या खोडाला सुतळीने बांधा, विरळ सावलीत. फुले आली की घरातली मुलेच तुम्हांला तिचे नाव विचारतील.