रक्ताचा अहवाल आणि व्यसनाचा निवाडा

पुण्याच्या कल्याणीनगर भागात दि. १९ मे २०२४ रोजी पहाटे भरधाव मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. चालक अवघा १७ वर्षांचा होता. ससून रुग्णालयात घेतलेला त्याच्या रक्ताचा नमुना बदलण्यात आला, असा पोलिसांचा आरोप आहे. डीएनए तपासणीतून हे उघड झाले व दोन डॉक्टरांना अटक झाली. तेव्हापासून रक्ततपासणी हा घरोघरीच्या चर्चेचा विषय झाला आहे. आमच्या कोपरीतील भगिनींचा प्रश्न मात्र निराळा असतो: "फादर, ह्यांचे रक्त तपासले तर किती पितात ते कळेल का?"

येथे दोन तपासण्यांची गल्लत होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे गुन्हा आहे. हे प्रमाण ताशी सुमारे १५ ते २० मिलिग्रॅमने उतरत जाते. म्हणूनच नमुना घेण्यास झालेला विलंब आरोपीच्या पथ्यावर पडतो. ही तपासणी केवळ त्या रात्रीपुरती बोलते. रोज रात्री पिणारा गृहस्थ दुसऱ्या दिवशी दुपारी तीत निर्दोष ठरू शकतो.

दीर्घकाळच्या अतिमद्यपानाच्या खुणा वेगळ्या. यकृताशी निगडित 'जीजीटी' वाढते. परंतु स्थूलपणा, यकृतावरील चरबी व फिट्सवरील काही औषधे यांनीही ती वाढते. तांबड्या पेशींचा आकार वाढतो. तसा तो बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावीही वाढतो. 'सीडीटी' अधिक नेमकी असली तरी तिला सुमारे दोन आठवड्यांचे भरपूर मद्यपान लागते. 'पेथ' हा घटक मात्र मद्यार्काच्या सान्निध्यातच तयार होतो आणि दोन ते चार आठवडे रक्तात सापडतो. तोही पिण्याचे प्रमाण सांगतो. माणूस व्यसनाधीन झाला आहे की नाही, हे नव्हे.

तेव्हा एकट्या वाढलेल्या 'जीजीटी'वरून कोणास दारुडा ठरविणे हा अन्याय होय. एखाद्याची नोकरी वा ठरलेले लग्न अशा कागदावर मोडावे, हे आम्हास मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची 'ऑडिट' प्रश्नावली विश्वासाने विचारली तर पुष्कळदा रक्ताहून अधिक सांगून जाते. अहवालाचा खरा उपयोग उपचारांत आहे. दारू सोडल्यावर आकडे उतरू लागतात, आणि ते पाहून रुग्णास धीर येतो.

एक सावधगिरी मात्र आवश्यक. अहवाल हाती पडताच संतापाने घरातील बाटल्या फोडून रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद करू नये. हातापायांस कंप, फिट्स, दोन-तीन दिवसांत भ्रम, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. प्रथम डॉक्टरांना भेटावे. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथे सुरू केलेले 'कृपा फाउंडेशन' आणि पुण्याचे 'मुक्तांगण' याच कार्यासाठी आहेत.