बारावा तुकडा



परवा वर्गात एक खेळ घेतला. चौकटीच्या वहीतले पाच चौकोन रंगवायचे. अट एकच, प्रत्येक चौकोनाची एक पूर्ण बाजू शेजारच्याला चिकटलेली हवी. फिरवून किंवा उलटून सारखा झाला तर तो आकार एकच धरायचा. असे वेगवेगळे आकार किती? मी फळ्यावर अकरा काढले आणि ऐटीत म्हटलं, "संपले!" तर शेवटच्या बाकावरून हळूच आवाज आला, "बाई, अजून एक आहे."

आणि होता की! मी खडू घेऊन उभीच राहिले.

या बारा तुकड्यांना पेंटोमिनो म्हणतात. ते खिशात घेऊन हिंडणारा एक मुलगा 'चेसिंग व्हर्मीर' या इंग्रजी रहस्यकथेत आहे. त्याचं नाव काल्डर पिल्ले. (आडनाव ओळखीचं वाटलं ना?) त्याची मैत्रीण पेट्रा. २००४ साली आलेलं हे पुस्तक लिहिलं शिकागोच्या ब्लू बॅलिएट यांनी. त्याही शाळेत शिकवायच्या, म्हणून मला जरा जास्तच जवळच्या वाटतात.

व्हर्मीर हा हॉलंडचा चित्रकार. १६७५ साली तो वारला. त्याची म्हणून मानलेली चित्रं जेमतेम पस्तीसच्या आसपास. कथेत त्यातलं एक, पत्र लिहिणाऱ्या बाईचं चित्र, वॉशिंग्टनहून शिकागोला येताना चोरीला जातं. चोर पैसे मागतच नाही! तो वर्तमानपत्रातून सगळ्यांना कळवतो की, व्हर्मीरच्या नावावरची काही चित्रं त्याची नाहीतच. तज्ज्ञांचं ऐकू नका, स्वतः बघा.

मग काय, शाळकरी पोरंसुद्धा चित्रं निरखायला लागतात. काल्डर तुकड्यांवरून अंदाज बांधतो, पेट्राला स्वप्नं पडतात. खरं सांगू? कथेत योगायोग फारच आहेत. दोन गोष्टी जुळल्या म्हणजे पुरावा मिळाला असं नाही, हे वाचताना विसरू नका. पण चोराचा प्रश्न मात्र खोटा नाही.

कारण पुढे खरोखरच तसं घडलं. पत्र लिहिणाऱ्या बाईचं ते चित्र वॉशिंग्टनच्या ज्या नॅशनल गॅलरीत आहे, तिथेच बासरी घेतलेल्या मुलीचंही एक चित्र आहे. २०२२ साली गॅलरीच्या तज्ज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली रंगांचे थर तपासले आणि जाहीर केलं की, हे व्हर्मीरचं नाही. काही महिन्यांतच, २०२३ साली, ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयाने तेच चित्र व्हर्मीरचं म्हणून प्रदर्शनात लावलं! दोन्हीकडे मोठमोठे जाणकार, चित्र एकच. आता बोला!

पुस्तकातल्या चित्रांतही एक सांकेतिक निरोप दडलाय, तो शोधा. इंग्रजी अडलं तर ताई-दादाला बसवा शेजारी.

आणि हो, माझा कोणता आकार सुटला होता ते मी सांगणार नाही. जुन्या वहीचा पुठ्ठा घ्या, कात्री आईला विचारून घ्या. बाराही तुकडे मिळाले की सहा बाय दहा चौकोनांच्या आयतात बसवून पाहा. ते २,३३९ प्रकारे बसतात. तीन बाय वीसच्या आयतात मात्र फक्त दोनच प्रकारे. तिथे माझी अजून खटपट चालू आहे.