फॉर्मवरचे आठ किलो

हा लेख लिहायचा लिहायचा म्हणत नऊ महिने गेले. हापिसात काम होतं वगैरे कारणं आहेतच, पण खरं कारण असं की यात स्वतःचीच लाज सांगायची आहे. आज शनिवार आहे, घरचे अजून झोपलेत, चहा झालाय. सांगून टाकतो.

तर मंडळी, गेल्या फेब्रुवारीत अस्मादिक घोड्यावरून वाळवंटात फिरून आले. राजस्थानात, नागौर जिल्ह्यात, खींवसरच्या बाजूला. पाच दिवस, रोज पंचवीसेक किलोमीटर, रात्री तंबूत मुक्काम. पुण्यातल्या आयटीवाल्यांना पस्तिशीच्या आसपास काहीतरी होतं. कुणी मॅरेथॉन धरतं, कुणी बुलेट काढून लेहला जातं. मला घोडा आठवला, आणि त्याला कारण खोडद.

खोडद माझं आजोळ. जगाच्या दृष्टीने खोडद म्हणजे जीएमआरटीची दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. माझ्या दृष्टीने खोडद म्हणजे यात्रा आणि बैलगाडा शर्यत. आमच्या जुन्नर-आंबेगाव-खेड पट्ट्यात घाटात बैलगाडा सुटतो तेव्हा पुढे घोडी पळते, ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. दहा-बारा सेकंदांचा मामला, पण लहानपणी त्या घोडीवर बसलेला पोरगा मला शिवाजी महाराजांच्या खालोखाल वाटायचा. दुसरा घोडा पाहिला तो धनगरांचा. दिवाळीनंतर वाडा यायचा, त्यांची तट्टं पाठीवर बिऱ्हाड घेऊन खाली मान घालून चालायची. ती मला घोडी वाटायचीच नाहीत. घोडा म्हणजे पुतळ्यातला, पुढचे पाय उचललेला.

असो. आयोजकांनी फॉर्म पाठवला. उंची, वजन, अनुभव. वजनाची मर्यादा ८० किलो. माझं होतं ८८. मी ८० लिहिलं.

हात अजिबात अडखळला नाही. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणून आपण जसं शुक्रवारी संध्याकाळी रिलीज ढकलतो ना, तितक्याच सहजपणे लिहिलं. आठ किलोनी काय होतंय?

माझ्या वाट्याला मारवाडी घोडी आली. आत वळलेल्या कानांची टोकं एकमेकांना टेकणारी, देखणी. पहिल्या दिवशी माझ्या मांड्यांचं जे झालं ते इथे लिहीत नाही :) दुसऱ्या दिवशी कळलं की वाळवंटातला घोडा सिनेमातल्यासारखा दौडत नाही, चालतो. वाळूत खूर रुततो, प्रत्येक पाऊल उपसावं लागतं. वाटाड्या तासा-तासाला सगळ्यांना खाली उतरवायचा, तंग सैल करायचा आणि थोडं पायी चालवायचा. पाण्याच्या हौदाशी आलो की आधी घोडे, मग आम्ही. मला हा वेळकाढूपणा वाटला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी खोगीर चढवताना घोडी दचकली. कान मागे पाडले, पाठ खाली दबवली. मी बघितलं. शेजारीच उभा होतो. आणि काही बोललो नाही, कारण मला पाच दिवस पूर्ण करायचे होते आणि त्याचे फोटो टाकायचे होते.

दुपारी वाटाड्यानं खोगीर काढून पाठीवरून हात फिरवला. मणक्याच्या बाजूला मुठीएवढी सूज, वरचे केस गेलेले, कातडं सोलवटलेलं. त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "साहब, सच में वज़न कितना है?" मी म्हणालो, ८८. त्यानं मान हलवली आणि जखम धुवायला लागला. शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

घोड्यावर किती ओझं घालावं याचा एक साधा हिशेब आहे: त्याच्या वजनाच्या साधारण एक पंचमांश, खोगिरासकट. घोडी धरा ३८० किलोची, म्हणजे ७६ किलो. मी ८८, वर खोगीर-पिशव्या मिळून बारा. झाले शंभर. एक चतुर्थांशाहून जास्त! सहावीतला भागाकार, पण मला तो करावासाच वाटला नाही. 'खोगीरभरती' हा शब्द आपण रटाळ भाषणाला वापरतो. खोगिरात काय भरलंय आणि त्यावर काय बसलंय हे ज्याच्या पाठीला कळतं त्याच्या दृष्टीने तो विनोद नाही.

उरलेले अडीच दिवस मी घोडीची दोरी धरून चालत गेलो. बुटात वाळू, टाचेला फोड. तेव्हा कुठे वाळवंटात चालणं म्हणजे काय ते कळलं.

परतताना नागौरजवळ ताऊसरला थांबलो. तिथे जयाप्पा शिंद्यांची छत्री आहे. १७५४ मध्ये मारवाडच्या बिजयसिंहाशी लढाई झाली, तो नागौरच्या किल्ल्यात शिरला आणि मराठ्यांनी वेढा घातला. वेढा महिनोन् महिने रेंगाळला आणि जुलै १७५५ मध्ये जयाप्पांचा छावणीतच दगा करून खून झाला. शाळेत एका ओळीत संपवलेली गोष्ट. पण घोडीबरोबर चालून आल्यावर माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न आला. काम करणाऱ्या घोड्याला उन्हाळ्यात दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं. समजा, नुसतं समजा, छावणीत दहा हजार घोडी होती. म्हणजे रोज कमीत कमी तीन लाख लिटर. आजच्या भाषेत दहा हजार लिटरचे तीस टँकर, रोज, मारवाडच्या मे महिन्यात! माणसं, बैल, उंट वेगळे. हे पाणी कोण शेंदत होतं? चारा कुठून येत होता? आपल्या इतिहासाच्या गप्पांत हा प्रश्न मी एकदाही ऐकलेला नाही.

बाजीरावाचंच बघा. मार्च १७३७ च्या अखेरीस मुघल फौजांना बगल देऊन तो दिल्लीवर धडकला, दहा मजलांचं अंतर दोन दिवसांत कापलं असं सांगतात. परतताना रेवाडी, कोटपुतळी, मनोहरपूर असा राजस्थानच्या कोरड्या अंगाने निघाला. आपण व्हॉट्सॅपवर हे छाती फुगवून फॉरवर्ड करतो. बाजीराव घोड्यावर बसल्या बसल्या कणसं हातावर चोळून दाणे खायचा ही आख्यायिका सगळ्यांना पाठ आहे. त्या दोन दिवसांत घोड्यानं काय खाल्लं, हे कुणी विचारतं का? तो वेग काही नुसत्या शौर्यातून आलेला नव्हता. त्यामागे कुणीतरी रात्री जागून खूर तपासले असणार, चंदी मोजली असणार, पाठी चोळल्या असणार. ती माणसं पुतळ्यात येत नाहीत.

आणि त्या काळच्या लोकांना घोड्याची किंमत नीट माहीत होती. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी रात्री तटाला दोर-शिड्या लावून आमचं जुन्नर लुटलं, तेव्हा तीन लाख होनांबरोबर दोनशे घोडी नेली. खजिन्याच्या बरोबरीने घोडी. मराठा फौजेत बारगीर असायचा, त्याला घोडा सरकारी. शिलेदार असायचा, त्याचा घोडा स्वतःचा. घोडा गेला तर शिलेदाराची रोजीरोटीच गेली, म्हणून तो जनावर जिवापाड जपायचा. मी पाच दिवसांचा बारगीर होतो, तोही फॉर्मवर खोटं लिहून भरती झालेला.

माझं म्हणणं एवढंच आहे की घोड्यावरच्या लांब प्रवासाला आपण स्वाराच्या धाडसाची कसोटी समजतो, आणि तिथेच घोडं पेंड खातं. ती कसोटी काळजीची आहे. हे मी घोडी जखमी करून शिकलो, पण जिथे हा खेळ गंभीरपणे खेळतात तिथे हे नियमातच लिहिलेलं आहे. अमेरिकेत १९५५ पासून टेव्हिस कप नावाची स्वारी होते, डोंगरदऱ्यांतून शंभर मैल, चोवीस तासांत. वाटेत ठिकठिकाणी पशुवैद्य घोडा तपासतात आणि लंगडणारा किंवा थकलेला घोडा तिथेच थांबवतात. पहिला येणाऱ्याला कप असतोच, पण पहिल्या दहांत ज्याचा घोडा सगळ्यात उत्तम अवस्थेत असेल त्यालाही वेगळा मानाचा कप असतो. २००९ मध्ये सुरू झालेल्या मंगोल डर्बीत हजार किलोमीटर जायचं, पण दर पस्तीस-चाळीस किलोमीटरला घोडा बदलायचा. पोचलेल्या घोड्याच्या हृदयाचे ठोके ठरल्या वेळात खाली आले नाहीत तर दंड स्वाराला.

आता काही मित्र म्हणतील, हे शहरी लाड आहेत, जनावर ओझं वाहायलाच असतं. मी 'घोड्यावर बसू नका' म्हणत नाहीये. त्या वाटाड्याचं घर आमच्यासारख्यांच्या पैशावर चालतं, आणि कुणी बसलंच नाही तर ते घोडे पाळणार कोण? मी म्हणतोय, बसायच्या आधी वजनकाट्यावर उभे रहा. आयोजकांनी फॉर्मवर विश्वास न ठेवता तिथे काटा ठेवावा, आणि आपण त्याचा अपमान वाटून घेऊ नये. पुढच्या वीकांताला माथेरानला गेलात तर घोड्यावर चढण्याआधी एकदा मालकाला म्हणा, खोगीर उचलून पाठ दाखवा. पाठ सोलवटलेली असेल तर चालत जा. तेवढे पैसे उतारूंकडून मिळणं बंद झालं, तरच मालकालाही घोड्याला सुट्टी देणं परवडेल असं काहीतरी आपल्याला शोधावं लागेल, म्हणजे थोडं जास्त भाडं द्यायची तयारी ठेवावी लागेल. कमी भाड्यासाठी घासाघीस करायची आणि वर जनावराबद्दल हळहळायचं, हे जमणार नाही.

परवा दिवाळीत खोडदला गेलो तर मामाच्या शेतात मेंढरं बसवली होती. वाडा दोन दिवसांपूर्वी आलेला. बांधाला तीन तट्टं, मागे लांबवर दुर्बिणीच्या तबकड्या. लहानपणी ज्यांना मी घोडी मानत नव्हतो ती हीच. या भीमथडी घोड्याची अलीकडे स्वतंत्र देशी जात म्हणून सरकारी नोंदणीही झाली आहे. घाट उतरून कोकणात आणि पावसाळ्याआधी परत, असे महिनोन् महिने चालणारे हे प्राणी. माझे पाच दिवस त्यापुढे काय!

वाड्यातल्या म्हाताऱ्या धनगरबाबांना विचारलं, "बाबा, तुम्ही यांच्यावर बसत नाही का कधी?"

"आन् मी बसल्यावर बिऱ्हाड काय तुमी उचलनार का, पाव्हनं?" म्हणाले आणि हसले. मग तट्टाच्या पाठीवरची घोंगडी उचलून हात फिरवून बघितला. अगदी त्या वाटाड्यासारखाच.

यंदाच्या फेब्रुवारीचा फॉर्म आलाय. मी खरं वजन लिहून पाठवलं, सोबत गेल्या वर्षीचंही कबूल केलं. उत्तर आलं: घोडी बरी आहे, ८० करा आणि या.

सध्या ८४ वर आहे. बघू.