वेदनेचा रकाना

नागापूरहून मनमाड रस्त्याने राहुरीकडे निघाले की दुधाचे कॅन लादलेल्या मोटारसायकली भेटतात. बँकेच्या सेवेत असताना संकरित गायींच्या कर्जप्रकरणांसाठी या भागातील अनेक गोठे मी पाहिले. अर्जात गायीचे वय, वेत, दूध आणि किंमत यांचे रकाने असत. एकदा कासदाहाने कास दगडासारखी झालेली गाय पाहिली. ती हंबरत नव्हती, लाथही झाडत नव्हती. मी अहवालात एवढेच लिहिले, 'दूध घटले.' तिच्या वेदनेसाठी रकानाच नव्हता.

कळपात दुबळे दिसणारे जनावर शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरते. म्हणून गाय दुःख सहसा दाखवीत नाही. मेंदूला मात्र ते लपविता येत नाही. १८७५ मध्ये रिचर्ड केटन या इंग्रज वैद्याने ससे व माकडे यांच्या मेंदूतील सूक्ष्म विद्युत्प्रवाहांची नोंद केली. हे प्रवाह लयीत चालतात. सेकंदाला चारपेक्षा कमी आवर्तनांची लय डेल्टा, चार ते आठ आवर्तनांची थीटा, तर तिसांहून अधिक आवर्तनांची गॅमा. पंजाला दाह झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत, स्पर्श व वेदना टिपणाऱ्या मेंदूच्या भागात थीटा आणि गॅमा या लयी बळावल्याचे आढळले. न्यूझीलंडमध्ये हलकी भूल दिलेल्या वासरांची शिंगे कापताच मेंदूची लय बदलली. शिंगाची नस आधी बधिर केली असता तो बदल सौम्य राहिला.

येथे आपल्या मनाला टोचणी लागते. उंदरांचा तो दाह आपोआप झालेला नव्हता, मुद्दाम निर्माण केलेला होता. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अशा प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूद आहे. तरीही मन शांत होत नाही. त्या मुक्या जीवांचे हे ऋण आहे. मिळालेले ज्ञान वापरलेच नाही, तर ते थकीतच राहील.

म्हणून कास सुजली, दुधात गाठी आल्या, रवंथ मंदावले, तर त्याच दिवशी पशुवैद्यांना बोलवावे आणि दाहावरील औषधासोबत वेदनाशामकाविषयीही विचारावे. पांजरापोळीला आपण चाऱ्यासाठी सढळ हाताने देतो. पुढील देणगीच्या वेळी तेथील हिशेबाची वही जरूर पाहावी आणि वेदनाशामकाचा खर्च कोणत्या रकान्यात लिहिला आहे, हे विचारावे.