घोडा कोणाला मिळाला, ते आधी सांगा

गेल्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका पोराची वही आमच्या हाती लागली. पुढच्या पानांवर राज्यघटनेची कलमं, चालू घडामोडी, भरतीचे जुने प्रश्न. वही उलटी धरली तर मागच्या पानांवर जॉकींची नावं. प्रत्येक नावापुढं तीन रकाने : किती रेस पळवल्या, किती जिंकल्या, टक्के किती. पुण्याच्या रेसचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर असतो. त्या हंगामात हा पोरगा साताऱ्यात बसून फोनवर एका बुकीकडे पैसे लावत होता. आधी पन्नास, मग पाचशे, मग आईच्या बचत गटाच्या हप्त्याचे.

आम्ही रागावलो नाही. शेजारी बसलो आणि म्हटलं, "हे गणित आम्हाला पण समजावून सांग. हा वरचा जॉकी एवढा का जिंकतो?"

"दादा, त्याला घोडेच चांगले मिळतात. मोठे मालक, मोठे ट्रेनर त्यालाच बसवतात."

"आणि हा खालचा?"

"तो काय वाईट नाही. पण त्याच्या वाट्याला मागं पडणारेच घोडे येतात. नुसती टक्केवारी बघून फसायला होतं."

पंधरा दिवसांनी एका भरतीचा निकाल लागला. त्याचं नाव यादीत नव्हतं. संध्याकाळी हाच पोरगा आमच्यासमोर मान खाली घालून म्हणाला, "दादा, खरं सांगू का, आपल्या पोरांत मेरिटच कमी पडतं."

मित्रांनो, हा लेख त्या एका वाक्यासाठी लिहितो आहोत. घोड्यांच्या बाबतीत ज्याला एवढी अक्कल होती, त्या पोराची स्वतःच्या बाबतीत ती कुठं गेली?

आधी त्याचं रेसचं गणित नीट मांडू. समजा, एक जॉकी हंगामात १०० रेस पळवतो आणि २५ जिंकतो. दुसराही १०० पळवतो, पण ९ च जिंकतो. पहिला हुशार, दुसरा सुमार, असं कोणीही म्हणेल. रेसचा जुना जाणकार मात्र विचारतो की हे बसले होते कुठल्या घोड्यांवर? पहिल्याचे १०० पैकी ७० घोडे फेवरिट होते, म्हणजे बाजारात सगळ्यात जास्त पैसा लागलेले. फेवरिट घोडा जगभरात साधारण तीनातली एक रेस जिंकतोच. बाजारभावावरून हिशेब केला तर त्या घोड्यांवर २८ विजय अपेक्षित होते, असं धरा. त्यानं २५ आणले, म्हणजे तीन कमी. दुसऱ्याच्या घोड्यांकडून ६ विजयांची अपेक्षा होती. त्यानं ९ आणले, म्हणजे तीन जास्त. आता सांगा, कसब कोणाचं?

पुढची गंमत बघा. ज्याची टक्केवारी मोठी दिसते, त्यालाच उद्या मालक आणखी चांगला घोडा देतो. त्यामुळे टक्केवारी आणखी वाढते. ज्याची कमी दिसते, त्याला उरलेला घोडा मिळतो आणि तो आणखी खाली जातो. दहा वर्षांनी दोघांचे आकडे शेजारी ठेवले की वाटतं, हा फरक जन्मजात आहे. संधीचं रूपांतर आकड्यात झालं, आकड्याचं रूपांतर लायकीत झालं, आणि मूळ घोडा कोणी कोणाला दिला हा प्रश्नच विसरला गेला. समाजशास्त्राच्या पुस्तकांत ज्यावर पानंच्या पानं लिहिलेली असतात, ते रेसच्या एका पुस्तिकेत दिसतं.

रेसवाल्यांची आणखी एक पद्धत आम्हाला फार बोलकी वाटते. तिला हँडिकॅप म्हणतात. घोड्याची आजवरची कामगिरी बघून त्याला गुण देतात आणि त्या गुणांप्रमाणे त्याच्या पाठीवरचं वजन ठरवतात. तगड्या घोड्याला जास्त वजन, दुबळ्याला कमी. जॉकीचं वजन कमी भरलं तर शिशाच्या पट्ट्या घालून ते पुरं करतात. शिकाऊ जॉकीला तर वजनात वेगळी सूट असते, कारण मुरलेल्या जॉकीच्या बरोबरीनं उतरायला त्याला तेवढा आधार हवा, हे सगळ्यांना मान्य असतं. महालक्ष्मीच्या मैदानावर इंग्रजांच्या काळापासून रेस होतात. तिथल्या उंची कपड्यातल्या प्रेक्षकांनी "हा गुणवत्तेवर अन्याय आहे" म्हणून कधी मोर्चा काढल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. उलट हँडिकॅपमुळेच रेस खरी होते, असं तेच सांगतात. घोड्याला जे लावलं तर शास्त्र, ते माणसाला लावलं की फुकटेपणा, हा कुठला न्याय?

आता या आकड्यांचा इतिहास बघू. त्यासाठी आपल्या सातारा जिल्ह्यातून अमेरिकेला जावं लागेल, आणि ती वाट जोतीराव फुल्यांनी आधीच दाखवून ठेवली आहे. खटाव तालुक्यातलं कटगुण हे त्यांचं मूळ गाव. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ते अर्पण केलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७५ साली, अमेरिकेत केंटकी डर्बी ही रेस सुरू झाली. पहिल्या डर्बीत १५ जॉकी होते. त्यातले १३ काळे होते. जिंकला तो ऑलिव्हर लुईसही काळाच. गुलामगिरीच्या काळात मालकांच्या तबेल्यात घोड्यांची सगळी निगा याच लोकांनी केली होती, त्यामुळे घोड्याची नस त्यांना ठाऊक होती. पहिल्या २८ डर्बींपैकी १५ काळ्या जॉकींनी जिंकल्या. आयझॅक मर्फी तर तीनदा जिंकला : १८८४, १८९० आणि १८९१. त्याच्या स्वतःच्या हिशेबानं त्यानं ४४ टक्के रेस मारल्या. आज सापडणाऱ्या नोंदींवरून हा आकडा ३४ टक्क्यांच्या आसपास येतो. तोही कुठल्याही जॉकीला हेवा वाटावा असाच आहे.

मग काय झालं? रेसमध्ये पैसा आणि मान वाढला, तशी गोऱ्या जॉकींनी काळ्यांना मैदानात घेरायला, कठड्यावर दाबायला सुरुवात केली. मालकांनी घोडे देणं बंद केलं. १९०१ आणि १९०२ अशा लागोपाठ दोन डर्बी जिंकणारा जिमी विंकफील्ड पुढं रशियात जाऊन घोडे पळवू लागला. त्याच्यानंतर आजवर एकाही काळ्या जॉकीनं केंटकी डर्बी जिंकलेली नाही. १९२१ नंतर तर २००० सालापर्यंत त्या रेसमध्ये एकही काळा जॉकी उतरलासुद्धा नाही.

आता समजा, १९५० साली कोणी जॉकींच्या आकडेवारीचं पुस्तक उघडलं असतं. त्याला काय दिसलं असतं? काळ्या जॉकींचे विजय : शून्य. 'या लोकांना घोडेस्वारी जमतच नाही' असा निष्कर्ष त्यानं आरामात काढला असता, आणि आकडा त्याच्या बाजूनं उभा राहिला असता. आकडा खोटा नव्हता. पण घोडाच मिळाला नाही, हे सांगायला त्या तक्त्यात रकाना नव्हता.

विंकफील्डनं पहिली डर्बी जिंकली त्याच १९०१ सालात आपल्या जिल्ह्यात काय घडलं, हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. साताऱ्यात राहणारा दहा वर्षांचा भीमराव आपल्या भावाबरोबर आणि भाच्याबरोबर वडिलांना भेटायला निघाला. रामजीबाबा तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला, दुष्काळी कामावर खजिनदार होते. पोरं मसूर स्टेशनवर उतरली. जात कळली आणि एकही गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, आणि अट अशी की गाडी पोरांनी स्वतः हाकायची, गाडीवान शेजारून चालत येणार. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढं स्वतः लिहून ठेवला आहे.

आम्ही या प्रसंगाकडं आज वेगळ्या बाजूनं बघतो. त्या पोरांच्या हाती कासरा आला तो विटाळाच्या भीतीनं, दुप्पट पैसे मोजून, आणि गाडी हाकायची सवय नसताना. त्या रात्री कोणी 'कोण किती वेगात पोचलं' याची यादी लावली असती, तर भीमरावाचा नंबर शेवटचा लागला असता.

त्याच खटाव तालुक्यात, पुसेगावला, सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैलगाडी शर्यतीचं मोठं मैदान भरतं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती बंद पडल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून सातारा-सांगलीत मैदानांना ऊत आला आहे. आपली पोरंही जातात. तिथं नीट बघा. नामांकित बैलाची किंमत लाखांत असते. तो घेणार, त्याला खुराक देणार, टेम्पोतून गावोगाव नेणार, ते ज्याच्या घरात जमीन आणि पैसा आहे तोच. चांगला बैल ज्या ड्रायव्हरला मिळतो, तो गट, सेमी, फायनल मारतो आणि त्याचं नाव होतं. कासरा हाती येण्याआधीच अर्धी शर्यत लागून गेलेली असते. मैदानातल्या पोरालाही हे कळतं. शाळेच्या निकालाच्या वेळी कळत नाही, एवढंच दुखणं आहे.

कारण परीक्षेचे गुण म्हणजेसुद्धा जॉकीची टक्केवारीच आहे. एकाला घरात पुस्तकं, लातूर-पुण्याचा क्लास, इंग्रजी बोलणारे आई-बाप आणि पडलं तर पुन्हा वर्षभर बसायची सोय. दुसऱ्याला सकाळी ऊसतोड किंवा बांधकामावर मदत, संध्याकाळी अभ्यासिकेतली एक खुर्ची. दोघांच्या गुणांत पंधराचा फरक पडला, तर त्यातला घोड्याचा किती आणि स्वाराचा किती, हे विचारायचं नाही का? जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय प्रवेशातल्या ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही हेच मान्य केलं. स्पर्धा परीक्षेतले गुण काही वर्गांना पिढ्यान्पिढ्या मिळालेला सामाजिक, आर्थिक, सांस्कृतिक फायदा दाखवत नाहीत, म्हणून मेरिटचा अर्थ त्या संदर्भातच लावावा लागेल, असं न्यायालय म्हणालं. हे वाक्य आपल्या प्रत्येक अभ्यासिकेत चर्चेला यायला हवं.

एक आक्षेप आपल्यातलीच शिकलेली पोरं घेतात : मग स्वाराच्या कष्टाला काही किंमतच नाही का? आहे, आणि मोठी आहे. मागच्या घोड्यावर बसून ९ रेस काढणारा जॉकी कष्टानंच काढतो. घोडा मिळाला नाही म्हणून सराव सोडायचा, असा याचा अर्थ कोणी काढू नये. आमचं म्हणणं एवढंच की कष्ट मोजायचे असतील तर सुरुवातीची रेघही मोजा.

आता रेसच्या नादाबद्दल दोन शब्द, कारण तो विषय टाळून चालणार नाही. त्या पोराचं गणित बरोबर होतं, तरी तो हरत होता. याचं कारण साधं आहे. जॉकीची जी माहिती त्याला होती, ती बाजारातल्या सगळ्यांनाच होती. ती घोड्याच्या भावात आधीच उतरलेली असते. वरून रेसच्या डावावर ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. टोटवर क्लबचा वाटाही आधी निघतो. हे टाळायला बुकीकडं जावं, तर पावती नाही, दाद नाही. कायद्याची तऱ्हाही बघा. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ ठरवला, आणि जुगारबंदीच्या १८८७ च्या कायद्यातही परवाना असलेल्या मैदानातल्या रेसला सूट आहे. क्लबात बसून जॉकीचे आकडे वाचणारा जाणकार ठरतो, आणि फोनवर तेच आकडे वाचून पैसे लावणारा आपला पोरगा आरोपी. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी संपत्ती वाहून जाण्याची सहा दारं सांगितली, त्यात जुगार आहे. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येतं आणि हरणाऱ्याच्या वाट्याला शोक, हे त्यांनी अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखलं होतं. बचत गटाचा हप्ता बुडवलेल्या घरात आम्ही तो शोक बघितला आहे.

शेवटी एकच आकडा देतो. १९०७ साली भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिक झाले. गुण किती? ७५० पैकी २८२, म्हणजे ३७.६ टक्के. आजच्या मेरिटवाल्यांनी हा कागद एका सेकंदात बाजूला टाकला असता. पण केळुसकर गुरुजींनी त्या पोराला पुस्तक दिलं, आणि १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर तो कोलंबिया विद्यापीठात गेला. एकदा घोडा मिळाला, आणि पुढं काय झालं ते जगानं बघितलं.

त्या पोराला आम्ही वही परत दिली. मागची पानं फाडली नाहीत. त्यांच्या खाली स्वतःचा तक्ता करायला सांगितला : घरात पहिला शिकणारा मी, दिवसाला कामाचे तास किती, अभ्यासाचे किती, क्लासला पैसे किती, आणि एवढ्यावर गुण किती. तक्ता पूर्ण झाल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, मी अपेक्षेपेक्षा जास्तच आणलेत की."

तुमच्या वस्तीतल्या प्रत्येक पोरा-पोरीकडून हा तक्ता करून घ्या. आणि उद्या कोणी तुमच्यासमोर मेरिटचा आकडा आपटला, तर न चिडता विचारा : घोडा कोणाला मिळाला होता?

जय भीम!