ठगांचा लेखक आणि नगरची चांदबिबी

रात्री दिवा विझवायची भीती वाटावी अशी पुस्तके आवडणाऱ्या आम्हा वाचकांचा फिलिप मेडोज टेलर हा जुना आवडता लेखक. त्याच्या १८३९ सालच्या ठगावरील कादंबरीत अमीर अली आपण केलेले खून शांतपणे सांगत जातो, आणि रुमालाचा फास वाचणाऱ्याच्याच गळ्याशी येतो. पण याच लेखकाने आपल्या अहमदनगरवर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरवर, एक ऐतिहासिक कादंबरी लिहिली आहे हे कितीजणांना ठाऊक आहे?

'अ नोबल क्वीन' ही ती कादंबरी. टेलर १८७६ साली वारला आणि कादंबरी १८७८ साली प्रसिद्ध झाली. तिची नायिका आहे चांदबिबी. १५९५ साली अकबराचा मुलगा मुराद याने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा ही विधवा बाई हातात तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली. रातोरात खिंडार बुजवले गेले. वऱ्हाड देऊन तह करावा लागला, पण नगर वाचले. पुढे १६०० साली, ती मोगलांना फितूर झाल्याच्या अफवेवरून, तिच्याच लोकांनी तिला ठार मारले.

आम्हाला ही कादंबरी ठगाच्या कादंबरीपेक्षा मोलाची वाटते. ठगाच्या कादंबरीत भीती माणसांच्या एका टोळीची आहे, तर चांदबिबीच्या कथेत ती सत्तेची, वेढ्याची आणि अफवेची आहे. हा फरक लहान नाही. काही माणसे जन्मानेच गुन्हेगार असतात ही समजूत साहेबांच्या अहवालांनी आणि अशा पुस्तकांनी पोसली. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की आजही पहिला संशय पारध्याच्या पालावरच जातो. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत गुन्हेगार जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य यांचा प्रश्न एकत्र मांडून या संस्कृतीलाच जाब विचारला, तो उगाच नव्हे.

म्हणून टेलरचे कौतुक डोळे उघडे ठेवूनच करावे. त्या रात्री खिंडारात दगड वाहणारे हात कोणाचे होते, हे विचारायचे काम आपले आहे. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर याच निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याच्यावर आपल्या लेखकांनी किती लिहिले? नगरजवळच्या डोंगरावरची इमारत खरे तर सलाबतखानाची कबर आहे, पण लोक तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. जी लढली तिचे नाव लोकांनी दगडाला दिले. आता आपल्या लेखणीने लढणाऱ्यांची नावे कागदावर आणावीत.

जय भीम!